खांब वाहणाऱ्यांची चाल

"अक्का, नाना उठत नाहीत."

फोनवर कविता होती. मागे बसचा आवाज येत होता. मी म्हटलं, श्वास आहे का बघ. ती म्हणाली, "बघितला. नाही." बस पारोळा सोडून एरंडोलकडे निघाली होती. मी म्हटलं, "बस थांबवू नका. एरंडोलला सरकारी दवाखान्यात न्या, आणि कंडक्टरला फोन दे." कंडक्टर म्हणाले, "मावशी, गाडी तिकडेच नेतोय, मध्ये कुठं थांबत नाही." मग फोन बंद झाला. दवाखान्यात डॉक्टरांनी जे सांगितलं ते मला त्या पोरीच्या एका शब्दात आधीच कळलं होतं. माझा धाकटा भाऊ दिनकर, ज्याला सगळी कॉलनी नाना म्हणायची, धुळ्याहून जळगावला येताना भर दुपारी खिडकीला डोकं टेकून गेला. त्याच्यासोबत त्याच्या गिटार क्लबातली आठवी ते दहावीची नऊ मुलं होती. मोठं माणूस एकही नव्हतं.

त्याला आता सात आठवडे झाले. पहिले पंधरा दिवस नातेवाईक आले, मग मुलांचे आईबाप आले. बसले, चहा घेतला, नाना देवमाणूस होता म्हणाले. उठताना एक बाई म्हणाली, "पोरांनी नको ते बघितलं अक्का. आता पुरे झाली ती गिटार." मी तिला चूक म्हणू शकले नाही. माझी नात असती तर मीही तेच म्हटलं असतं. क्लब भरायचा त्या पुढच्या खोलीला मी कुलूप लावलं. नानाचा गिटार क्लब राहतो की त्याच्याबरोबर जातो, हे मला कोणी सांगत नव्हतं आणि मी कोणाला विचारत नव्हते.

आमचं गाव दोंडाईचाजवळचं. नाना टेलिफोन खात्यात लाइनमन होता. भुसावळला बदली झाली तेव्हा समोरच्या क्वार्टरात रेल्वेतून निवृत्त झालेला एक ख्रिस्ती ड्रायव्हर राहायचा. तो संध्याकाळी व्हरांड्यात गिटार वाजवायचा. नाना त्याला बाजारातून भाजी आणून द्यायचा आणि बदल्यात शिकायचा. चार वर्षांत बारा गाणी शिकला. पुढची तीस-पस्तीस वर्षं तीच बारा वाजवली. मोठा वादक वगैरे तो नव्हता. हे मी त्याच्या तोंडावर सांगायचे आणि तो मान हलवायचा. मूलबाळ झालं नाही. भावजय वारली, माझंही कुंकू गेलं होतं, म्हणून मी जळगावला त्याच्याकडे राहायला आले. दोन म्हातारी एका घरात, दिवसभर बोलायला विषय नाही. त्याची ती बारा गाणी ऐकून माझे कान किटले होते... अशात एक दिवस मागच्या हायस्कुलातली तीन मुलं कंपाउंडच्या भिंतीवर बसून ऐकताना दिसली. नानानं त्यांना आत बोलावलं. पुढच्या रविवारी सात आली. कोणाच्या घरात पडून असलेल्या, कोणाच्या मामानं टाकून दिलेल्या अशा पाच गिटारी जमल्या आणि दारावर 'क्लब' अशी पाटी लागली. शेजारचे गृहस्थ हळूच मला विचारून गेले, "अक्का, नानानं पत्त्यांचा क्लब काढला का?"

नानाचा एकच नियम होता. दारात आलेल्याला परत पाठवायचं नाही. शिकवायची पद्धत त्यातूनच निघाली. नवीन आलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी मधल्या स्टुलावर बसवायचा, गिटारीची एकच तार दाखवायचा आणि म्हणायचा, ही तू वाजव. ते मूल जेवढ्या हळू वाजवेल तेवढ्याच हळू बाकीच्यांनी गाणं न्यायचं. दोन-तीन वर्षं शिकलेली मुलंसुद्धा त्या नवख्याच्या बोटाकडे बघत थांबायची. तीन मिनिटांचं गाणं आठ मिनिटं चालायचं. मी आतून ओरडायचे, "अरे, माझी वरण-बट्टी शिजली, तुमचं कडवं संपेना." एकदा मी विचारलं की ज्यांना येतं त्यांना कशाला रखडवतो. तेव्हा त्यानं खांबाचं सांगितलं. जुन्या काळी टेलिफोनचा लोखंडी खांब आठ माणसं खांद्यावर घेऊन शेतातून न्यायची. आठांत जो सगळ्यात हळू चालतो त्याच्या पावलानं सगळ्यांनी चालायचं. कोणी पुढे ओढला की खांब घसरतो, आणि पडतो तो त्या हळू चालणाऱ्याच्याच पायावर. नानानं असा एक पाय चेंगरलेला बघितला होता. एवढं सांगून तो परत खोलीत गेला.

कविता जळगावजवळच्या असोद्याची. घरची केळी, थोडा कापूस. मैत्रिणीबरोबर आली आणि हात ओढणीखाली घेऊन बसली. केळीच्या चिकानं बोटं काळी पडलेली, कापूस वेचून टोकं चिरलेली. नाना म्हणाला, "हात दाखव." तिनं दाखवला नाही. मग त्यानं एका डॉक्टरच्या मुलाला बोलावून त्याची बोटं तिला दाखवली. तारा दाबून दाबून त्यांना फोड आले होते. "हा महिनाभर रडतोय," नाना म्हणाला. "तुझ्या बोटांचं काम कापसानं आधीच करून ठेवलंय. तुला तार लागणार नाही." पोरीनं हात बाहेर काढले. तार तिला खरंच लागली नाही. वर्षभरात ती डॉक्टरच्या मुलाला शिकवू लागली.

माझ्या हातून एक मोठं नुकसान झालं, तेही सांगते. खंडेनवमीला हत्यारं धुऊन पुजायची असतात. विळा, कुऱ्हाड, नानाचे पक्कड-पाने, सगळं मी धुतलं. मग वाटलं, आता याचं हत्यार तर गिटार आहे. नाना झेंडूची फुलं आणायला गेला होता. मी पाचही गिटारी नळाखाली धरल्या, घासल्या, पोटातलं पाणी निथळावं म्हणून धुण्याच्या दगडावर उपड्या घातल्या आणि हळद-कुंकू लावलं. नाना आला. पिशवी हातात तशीच. मुलंही आली होती, ती त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"साबण लावला का अक्का?"

"थोडा."

तो ओट्यावर बसला आणि त्याला हसू आवरता आवरेना. मग आमच्या गावच्या बोलीत म्हणाला, "ऱ्हाऊ दे. सुकी जाई. लाकूडच शे."

सुकल्या, पण एकीची पाठ उकलली. त्यानं ती गोंद लावून सायकलच्या ट्यूबनं आवळून बांधली. तरी ती पुढं भुणभुण करायची. ती गिटार त्यानं एकाही मुलाला दिली नाही, स्वतःकडे ठेवली. माझा नवरा एवढ्यावरून मला आठ दिवस बोलला असता.

दोन वर्षांपूर्वी ही सगळी धुळ्याला स्पर्धेला गेली होती. मीही गेले होते. त्या वेळी एक नवा मुलगा येऊन तीनच आठवडे झाले होते. नानानं त्यालाही स्टेजवर मधे बसवलं. गाणं इतकं हळू चाललं की सभागृहात मुलं हसायला लागली. कोणीतरी मागून ओरडलं, "बॅटरी उतरली." आमचा नंबर शेवटचा आला. परतीच्या बसमध्ये दहावीतला एक मुलगा, क्लबातला सगळ्यात चांगला वाजवणारा, नानाला म्हणाला, "पुढच्या वेळी कच्च्या पोरांना घरी ठेवा." नाना म्हणाला, "ते नाही जमणार." तो मुलगा क्लब सोडून गेला. नानाला वाईट वाटलं, दोन दिवस जेवला नाही नीट, पण बदलला नाही. तो मुलगा हुशार होता, त्याचंही काही म्हणणं होतं. नानानं त्याच्यासाठी वेगळा वार काढायला हवा होता, असं मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं.

पण त्या हसणाऱ्या सभागृहात धुळ्याच्याच एका शाळेच्या मुख्याध्यापक बाई बसल्या होत्या. त्यांनी या हिवाळ्यात नानाला बोलावलं. त्यांच्या शाळेत अशी बरीच मुलं होती ज्यांना कुठल्याच कार्यक्रमात कोणी घेत नाही. त्यांच्यासाठी असा क्लब कसा चालवायचा ते दाखवा, म्हणाल्या. नानाला एवढा आनंद झालेला मी त्याच्या लग्नातही बघितला नव्हता. जायच्या आधी दोन दिवस तो डावा खांदा चोळत होता. मी विचारलं, तर म्हणाला, गिटारीचा पट्टा लागतो. मी ते खरं मानलं. त्याला कळलं होतं असं मला वाटतं, आणि सांगितलं असतं तर मी जाऊ दिलं नसतं, हेही त्याला माहीत होतं. या एका गोष्टीसाठी माझा त्याच्यावर राग आहे... दहा दिवस उशिरा गेला असता तर धुळं कुठं पळून जात नव्हतं. आणि मुलांना एकट्यानं नेलं, ही तर त्याची चूकच.

तेराव्याच्या सुमाराला बसचे कंडक्टर घरी आले. त्यांनी आपण होऊन सगळं सांगितलं. एरंडोलला बस दवाखान्याच्या दारात लागली, पण स्ट्रेचर बसच्या दारातून आत येईना. नानाला उचलून खाली आणायचं होतं. नऊ मुलं उठली. चौघांनी एकीकडून, चौघांनी दुसरीकडून धरलं आणि आठवीतला हर्षल, सगळ्यात बारका, पाय धरून मागे. कंडक्टर पुढून डोकं धरून उलटे पायरी उतरत होते. "मी म्हटलं, पोरांनो, लवकर करा," ते म्हणाले. "तर ती फोन करणारी मोठी मुलगी मला म्हणते, काका, हळू. हर्षल मागे आहे." मग हर्षलनं एक पाऊल टाकायचं, की बाकीच्यांनी टाकायचं. कंडक्टर म्हणाले, एवढ्या वर्षांच्या नोकरीत बसमधून माणूस उतरवताना बघितलाय, पण असा नाही. नानाला कुठं धक्का लागला नाही. मी त्यांना खांबाचं काही सांगितलं नाही. चहा दिला.

मागच्या आठवड्यात कविताचे वडील आले. चप्पल दारात काढून तिथंच टेकले, आत येईनात.

"पोरगी जेवते, शायेत जाते," ते म्हणाले. "पन त्या दिवसाचं बोलत नाई. तिच्या मायनं इचारलं त उठून गेली. तिले परत पाठवू का नको, ते इचाराले आलो."

"तिला विचारलं?"

"तिले काय इचारायचं? पंधरा वर्षांची ती."

"बसमध्येही पंधराचीच होती," मी म्हटलं. "तेव्हा कोणी तिला बाजूला बसवलं नाही."

मग मी त्यांना कंडक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. पोरगी घरी बोलली नसेल तर बापाला कळायला हवं, असं मला वाटलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "नानाचं वजन किती होतं हो?"

"नव्वदच्या वर. बट्ट्या खाऊन."

"मंग जड गेलं असंल पोरांना."

"गेलंच असणार."

ते डोळे पुसत होते, मी दुसरीकडे बघितलं. उठताना म्हणाले, "मले वाटलं, तिनं विसरावं म्हून घरी ठेवावं."

"विसरणार नाही ती," मी म्हटलं. "घरी एकटी बसून आठवण्यापेक्षा इथं आठ जणांत आठवेल."

रविवारी मी कुलूप काढलं. साडेनऊपर्यंत कोणी नाही. मग असोद्याहून मोटारसायकल आली. कविता उतरली, वडील बाहेरच थांबले. त्यांच्यामागून एकेक करत आणखी पाच आले. तिघांच्या घरून अजून परवानगी नाही. मी कोणाच्या घरी भांडायला जाणार नाही, त्यांचं त्यांना ठरवू दे. आलेल्यांनी गिटारी उतरवल्या, तारा जुळवल्या. कोणी कोणाशी नानाबद्दल बोललं नाही. मग हर्षल म्हणाला, "नानांना घाई व्हायला नको म्हणून मी मुद्दाम हळू चाललो." एवढंच. कवितानं मान हलवली. बसमधल्या त्या दिवसाबद्दलचं पहिलं बोलणं ते.

लोक अजून येतात, माझ्याजवळ बसतात, तुमच्यावर केवढा प्रसंग म्हणतात. नाना गेला तेव्हा मी घरी दळण निवडत होते. बसमध्ये कविता होती, हर्षल होता आणि आणखी सात मुलं होती.