भूल देणारी रजियाबी

अमरावतीच्या दवाखान्यात रजियाबी नावाची एक बाई होती. तिच्याविषयी कोणी काही लिहिले नाही. मी लिहितो आहे ते नीट उतरेल की नाही, कोण जाणे. पण तिला पाहिलेली माणसे आता दोन-चारच उरली आहेत आणि त्यांतल्या कोणाला लिहिता येत नाही.

तिचा नवरा पिंजारी होता. अमेरिकेतल्या लढाईमुळे विलायतेला तिकडचा कापूस मिळेना आणि आमच्याकडचा सगळा कापूस गाड्या भरभरून मुंबईकडे जाऊ लागला, तेव्हा गादीत घालायलासुद्धा कोणी घरी कापूस ठेवीना. पिंजाऱ्यांच्या कापूस पिंजायच्या कमाना भिंतीला टांगून राहिल्या. नवरा त्याच साली तापाने गेला आणि रजियाबी दवाखाना झाडायला लागली. मी तिथे कारकून होतो, बाविसाव्या वर्षात. येणाऱ्या रोग्याचे नाव, गाव आणि दुखणे एवढे लिहायचे माझे काम.

भूल द्यायचे औषध, क्लोरोफॉर्म, मुंबईहून काळ्या बाटलीतून येई. मोठ्या माणसांना कंपाउंडर चंद्रभान भूल देत असे. पण मुले त्याला पाहताच हातपाय झाडत. एकदा घशात गळू झालेला एक पोरगा कोणालाच आवरेना. झाडू टाकून रजियाबीने त्याला मांडीवर घेतले आणि विचारले, "तुमच्या घरी कोन कोन हाय रे राजा?" पोरगा हुंदके देत नावे सांगू लागला. चंद्रभानने मागून भुलीचा रुमाल त्याच्या नाकाशी धरला, आणि तो सांगता सांगता झोपला. त्या दिवसापासून डॉक्टर भगवंतरावांनी मुलांचा रुमाल तिच्याच हाती दिला.

चंद्रभान चिडवायचा, "रजियाबी, तू हातात रुमाल धरला का मलेच जांभया येतात."

"येऊ दे ना बापा. तेवढीच तुही टकळी बंद राहीन."

तिची रीत ठरलेली होती. घडी केलेल्या रुमालावर मोजून थेंब टाकायचे, तो नाकापासून दोन बोटे दूर धरायचा आणि घरच्या माणसांची नावे विचारायची. माणसे संपली की बैल, मग म्हशी. नाव अर्ध्यावर तुटले की रुमाल उचलायचा. दुसरा हात सारा वेळ मुलाच्या छातीवर. हाताखाली छाती जरा मंदावली तरी ती "साहेब" म्हणे आणि डॉक्टर थांबत.

गळ्याच्या कामाला मात्र ती भ्यायची. हात मोडला असेल तर चाकू एकीकडे आणि रुमाल दुसरीकडे. गळ्याचे काम असले म्हणजे जिथून भूल आत जायची तिथेच डॉक्टरांना कापायचे असे. भूल कमी पडली तर मूल खोकून उसळायचे, जास्त झाली तर श्वासच थांबायचा. दोहोंच्या मधली जागा फार अरुंद, असे डॉक्टर म्हणत.

माघ महिन्यात भातकुलीकडचे खुशालराव आपल्या मुलीला घेऊन आले. रुख्मिणी, चार वर्षांची. घरी बाया चरकीवर कापसातली सरकी काढत होत्या. पोरीने खेळता खेळता मूठभर सरकी तोंडात घातली, कोणीतरी काही बोलले, ती हसली आणि एक दाणा श्वासाच्या नळीत गेला. तीन दिवस घरचे उपाय झाले. पाठीवर थापट्या मारल्या, पाय धरून उलटे टांगले. सरकी आत भिजून फुगत होती. पोरीच्या प्रत्येक श्वासाला बारीक शीळ वाजे.

डॉक्टरांनी तपासले तेव्हा ऊन कलले होते. असल्या कामाला भरपूर उजेड लागतो. "उद्या सकाळी ऊन वर आले की नळी उघडतो," ते म्हणाले. "दाणा त्या वाटेने निघाला तर निघाला." ती मंडळी पेठेत एका नातेवाइकाकडे उतरणार होती. ती निघून गेल्यावर डॉक्टर मला म्हणाले, "त्यांच्या घरी जाऊन सांगून या. सकाळी मुलीच्या पोटात काहीही जाता कामा नये. भुलीत उलटी झाली तर ती श्वासात जाते."

मी गेलो. खुशालराव ओट्यावर बसले होते. पोरीची आई पार्वताबाई आत होती, बांगड्यांचा आवाज येत होता. परक्या घरच्या बाईला हाक मारून बाहेर बोलवावे, एवढे धैर्य माझ्यात नव्हते. मी खुशालरावांना म्हटले, "सकाळी मुलीला काही खाऊ घालू नका."

"नाई घालत. आताच सांगतो तिले," ते म्हणाले, आणि माझ्यादेखत आत जाऊन त्यांनी तसेच सांगितले. आतून "बरं" असे उत्तर आले. उलटीचे कारण मी सांगितले नाही. घाबरतील असे वाटले. शिवाय माझे काम झाले असेही वाटले.

सकाळी नऊच्या सुमारास पोरीला टेबलावर घेतले. रजियाबीने टेबलाच्या टोकाला बसून तिचे डोके मांडीवर घेतले. मी उजेडासाठी खिडकीची बांबूची ताटी वर उचलून धरून उभा होतो.

"सांग व माय, तुमच्या घरी कोन कोन हाय?"

"माय," पोर घोगऱ्या आवाजात म्हणाली. मग शीळ वाजली. "बाबा."

"आनखी?"

"आत्या." डोळे जड होऊ लागले होते. "मायनं दूध देल्लं. मोठ्ठी वाटी."

रजियाबीने रुमाल झटकन उचलला. "साहेब, पोरीच्या पोटात दूध हाय."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. काय झाले ते मला तेवढ्यात कळले. पार्वताबाईने नवऱ्याचा निरोप तंतोतंत पाळला होता. भाकरीचा तुकडा दिला नव्हता. पण आमच्याकडे उपासाच्या दिवशीसुद्धा दूध चालते. दूध पिणे म्हणजे खाणे, असे कोणत्याच घरी कोणी धरत नाही. माझ्या घरीही नाही.

"थांबू या का साहेब?" रजियाबीने विचारले.

त्या क्षणीच पोरीला खोकला आला. दाणा आतल्या आत सरकला असावा. ओठ निळे पडले आणि श्वास घेताना गळ्याखाली खळगा पडू लागला.

"थांबलो तर पोर दुपार पाहणार नाही," डॉक्टर म्हणाले.

"अन् नाई थांबलो त?"

ते टेबलाकडे वळले. चाकू घेतला. रजियाबीने पुन्हा रुमाल धरला, पण फार दूर, आणि थेंब निम्मेच टाकले. तिचे ओठ हलत होते.

नळी उघडली तेव्हा वारा सुटल्यासारखा आवाज झाला. एकदा वाटले, जमले. मग पोरीचे पोट ढवळले आणि दूध वर आले. रजियाबीने तिला कुशीवर वळवले, ओढणीच्या पदराने तोंड पुसले, बोट घालून दह्यासारखी गाठ काढली, परत काढली. पण दूध आत गेलेच होते. तिच्या हाताखालची छाती मंदावली. "साहेब," ती म्हणाली. "साहेब. साहेब." डॉक्टरांनी पोरीचे हात वर-खाली केले, छाती दाबली. किती वेळ ते मला सांगता येत नाही. ताटी माझ्या हातात तशीच होती आणि ऊन मात्र फार चांगले येत होते.

छाती दाबता दाबता सरकीचा दाणा बाहेर आला. तोवर सगळे संपले होते.

पार्वताबाई बाहेर निंबाखाली बसली होती. खुशालराव तिथवर जाऊ शकले नाहीत. रजियाबी गेली आणि तिच्याजवळ मातीत बसली. मी मागे होतो. पुष्कळ वेळ रडणे झाल्यावर पार्वताबाईने विचारले, "काई बोलली काय व माही रुख्मी?"

"बोलली ना. घरच्या समद्याइचं नाव घेतलं. तुहं सगळ्यात आधी."

"उपाशी गेली व माही लेक. घास नाई देल्ला म्या. येक वाटी दूध, थेवढं लय मिनतवारीनं पाजलं."

रजियाबीने तिचा हात धरला. "बरं केलं माय," ती म्हणाली. "लय बरं केलं."

निरोप माझाच अपुरा होता, हे मी पार्वताबाईला सांगितले नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही.

पेठेत बातमी गेली ती अशी, की दवाखान्यातल्या पिंजारणीने रुमाल जास्त दाबला. बाया तिला पाहून पोरांना पदराआड घेऊ लागल्या. चंद्रभान भोळा माणूस, तो म्हणाला, "तू खरं काहून नाई सांगत? दुधानं झालं म्हनाव."

"अन् ते दूध कोनं देल्लं, हे बी सांगू काय?" ती म्हणाली. "थे बाई जित्ती हाय अजून."

मी एकदा रजियाबीला म्हटले, चूक माझी होती. ती म्हणाली, "बाबूजी, तुमी बाईमानसाशी बोलले नाई, आन मी तिले टेबलावर घ्यायच्या आधी इचारलं नाई. आता दोघं मिळून काय करता?"

त्यानंतर मुलांच्या कामाआधी निरोप सांगायला ती स्वतः जाऊ लागली. नुसत्या निरोपाने भागत नाही म्हणून उजाडताच त्या घरी जाऊन बसे आणि मूल दवाखान्यात निघेपर्यंत उठत नसे. पाणीसुद्धा नाही, दूध तर नाहीच, असे आत ओरडून सांगे. पुढे रेल्वे आली, डॉक्टरांची बदली अकोल्याला झाली. ते तिलाही घेऊन गेले, मीही मागून गेलो. तिथेही तिने हेच चालू ठेवले. काही मुले वाचली. काही तरीही गेली, आणि का गेली ते डॉक्टरांनाही सांगता आले नाही.

बहुतेक घरे कुणब्यांची, माळ्यांची. तिच्यासारख्या मुसलमान बाईला स्वयंपाकघरापर्यंत कोण जाऊ देणार? तिला दारातच पोते टाकून देत. ती मान लांब करून बसे, आतल्या भांड्यांचा आवाज ऐकत. तिथून चूल दिसत नसे.