टाकीवरची टकटक

मला एका जागी गप्प उभं राहता येत नाही. आई म्हणायची, कार्टीच्या पायाला भिंगरी आहे. आणि सासरे मिळाले ते असे, की एक बोल्ट आवळायला अर्धी सकाळ घेतील. बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, बस डेपोत चौतीस वर्षं ब्रेकचं काम केलं. अजूनही दाराला कडी घातली की दोनदा ओढून बघतात.

त्या दिवशी अकरा वाजता माझी मुलाखत होती, खालच्या मोठ्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत, कायमच्या जागेसाठी. सहा वर्षं कंत्राटावर लोकांची रक्तं तपासून कंबरडं मोडलं होतं, आणि पुढच्या वर्षी मी वयोमर्यादेत बसणार नव्हते. घर चढावर, इस्पितळ पायथ्याशी, मध्ये सात वळणं. सकाळची बस आठलाच जाते. नवरा परगावी, त्याची मोटरसायकल मीच चालवते.

आदल्या संध्याकाळी माझी जीभ वळवळली. पुढचा ब्रेक जरा मऊ लागतोय, असं बोलून गेले. सकाळी बघते तर किल्ली बाबांच्या खिशात आणि बाबा अंगणात स्टुलावर. हँडलवरच्या ब्रेक-तेलाच्या डबीचं झाकण उघडं, आतलं तेल काळ्या चहासारखं.

"बाबा, मला दहाला निघायचंय."

"तीन वर्षांचं तेल आहे. यात पाणी मुरतं. उतारावर तापलं की त्याची वाफ होते, मग तू ब्रेक नाही, वाफ दाबतेस." ते सिरिंजनं जुनं तेल ओढून घेत होते. "ये इकडे. एकट्याचं काम नाही हे."

मग तीन वर्षं काय करत होतात, असं तोंडावर आलं होतं. गिळलं.

काम तसं सोपं. मी वर लिव्हर दाबून धरायचा आणि सांगायचं, "दाबलं." बाबा खाली निपल, म्हणजे तेल सोडायचा छोटा स्क्रू, पाव आटा उघडणार, पारदर्शक नळीतून जुनं तेल बाटलीत उतरणार. त्यांनी निपल बंद करून "सोड" म्हटलं की मगच सोडायचं. आधी सोडलं तर हवा आत. डबीत नवं तेल ओतत राहायचं, तळ दिसू द्यायचा नाही. या गाडीचा क्लचही तेलावरचा, तो आधी केला. दाबलं, सोड. दाबलं, सोड. नवं, स्वच्छ तेल नळीत आलं तेव्हा नऊ वाजले होते.

ब्रेकला जास्त वेळ लागला. बाबा दर वेळी नळी उजेडात धरून बघत. सव्वानऊ झाले, साडेनऊ झाले. मनात उत्तरं घोकत होते, डोळा घड्याळावर, आणि मोकळ्या हाताची बोटं पेट्रोलच्या टाकीवर वाजत होती, टकटक, टकटक. दुसऱ्या हातानं चाळा म्हणून लिव्हर दाबला आणि सोडला.

नळीत बुडबुडे आले. लिव्हर पुन्हा दाबला तर थेट मुठीला टेकला.

"बाबा, मी दाबलं म्हटलंच नव्हतं. उघडलंत कशाला?"

त्यांनी निपल आवळलं. "टकटक झाली ना."

"म्हणजे?"

"तुझ्या सासूबाई टाकी वाजवायच्या. दाबलं की दोनदा."

"तोंडानं सांगायला काय झालं होतं?"

"आमचा अबोला असायचा." बाबा ओशाळून हसले. "महिन्यातून पंधरा दिवस तरी. पण तेल बदलायचं म्हटलं की हातातलं टाकून यायची. बोलायची नाही. टाकी वाजवायची. पुढे भांडण नसलं तरी तसंच राहिलं."

सासूबाईंना जाऊन तीन वर्षं झाली होती. तेलालाही तीनच. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायला निघाली होती, ती मध्येच कुठेतरी थांबली. रडूही आलं आणि रागही आला, कारण पावणेदहा झाले होते.

"मी तुमच्याशी आता बोलणारच नाही," मी म्हटलं.

"नको बोलूस. वाजव."

मी लिव्हर दाबला आणि टाकी दोनदा वाजवली. बाबांनी उघडलं, बंद केलं, "सोड" म्हणाले. पुन्हा वाजवली. बुडबुडे मोठे होते, मग बारीक झाले, मग थांबले. हातातला लिव्हर हळूहळू दगडासारखा घट्ट झाला. बाबांनी डबी काठोकाठ न भरता खुणेपर्यंत भरली, झाकण लावलं, टाकीवर सांडलेले थेंब पाण्यानं धुतले. सव्वादहा. मी इस्पितळात फोन करून दहा मिनिटं उशीर होईल म्हणून सांगितलं आणि हेल्मेट घातलं.

बाबा मात्र स्टुलावरच, पाना निपलवर.

"झालं ना, बाबा?"

"अजून एकदा वाजव."

ब्रेक झाला होता. मला कळत होतं, त्यांनाही कळत होतं. मी लिव्हर दाबून धरला आणि टाकी दोनदा वाजवली. बाबांनी पाना फिरवला नाही. मान खाली घालून बसून राहिले, आणि मीही उभी राहिले, काही न बोलता, हात न हलवता.

मग त्यांनी खिशातून किल्ली काढून दिली. "सोड," म्हणाले.