निम्म्या अल्बममधला परका आवाज

कवळीमामा दात करायचा. दवाखान्यांतून लोकांच्या तोंडांचे प्लास्टरचे साचे यायचे आणि त्यांवर हा कवळ्या, दातांवरच्या टोप्या बसवून परत पाठवायचा. ज्याच्यासाठी दात केले त्याचं तोंड त्यानं सहसा पाहिलेलं नसे. आपण केलेले दात लावून कोण कुठं काय खोटं बोलतोय याचा पत्ता नसलेला माणूस संशयी होणारच, असं त्याची बायको म्हणे. हे तिचं औदार्य झालं. थोरल्या बहिणीच्या, म्हणजे ताईच्या, सांगण्यानुसार हा पाळण्यातसुद्धा दुधाची बाटली आधी हुंगून बघायचा.

या संशयाला चांगला धंदा मिळाला तो हिप-हॉपमुळे. दिवसभर एका बाकावर बसून परक्या दातांना चकाकी आणायची, तर कानाला काहीतरी उद्योग हवा. मामानं गाणारे लावून पाहिले. ते मोटरच्या घरघरीत बुडाले. बोलणारे टिकले. तेव्हापासून त्याचा नियम असा, की नवा अल्बम पहिल्यांदा ऐकायचा तो घासणीची मोटर चालू ठेवून. त्या आवाजातूनही ज्याचा शब्द कळतो तो रॅपर. बाकीचे नुसते कपडेवाले.

शौकिनांचा एक ग्रुप होता. त्यात मामा आपली मतं बोलून पाठवायचा आणि लोक ती अल्बमआधी ऐकायचे. मतं सरळ असत. कुठल्याही रॅपरच्या पहिल्या अल्बममध्ये भूक असते, दुसऱ्यात मेजवानी, तिसऱ्यात अपचन. चौथ्यात तो आपण पहिल्यासारखेच भुकेले आहोत असं सांगतो, तेव्हा खिडकीबाहेर त्याचा माळी झाडांना पाणी घालत असतो. दोन गाण्यांच्या मधे फोन वाजला, दार आपटलं किंवा कुणी निरोप ठेवला, तर समजावं की निर्मात्याला तिसरं गाणं सुचलेलं नाही. पाहुणा रॅपर यजमानापेक्षा बरा वाटला, तर यजमानानंच त्याला वाईट लिहून आणायला सांगितलं होतं आणि त्यानं ऐकलं नाही, असं धरून चालावं. आणि एखादं कडवं फारच चांगलं असेल, तर ते कुणी लिहून दिलं, हा पहिला प्रश्न. या प्रश्नावर मामाचा विशेष जीव होता. ग्रुपमधली एक नर्स एकदा म्हणाली, मामा, कधी कुणाचं स्वतःचं चांगलं असू शकतं की नाही? मामानं उत्तर पाठवलं, की असू शकतं, पण मग तो मनुष्य सहसा प्रसिद्ध होत नाही.

अशा माणसाच्या सख्ख्या भाच्यानं, ताईच्या मुलानं, अल्बम काढला.

भाच्याचं रॅपमधलं नाव ठसका. पूर्वी तो मामाच्या लॅबमध्ये प्लास्टरच्या पोत्यावर बसून नवीन ओळी मोटरच्या आवाजावर म्हणून दाखवायचा, आणि मामा मोटर न थांबवता नापसंतीनं मान हलवायचा. गेले काही महिने तो फिरकला नव्हता. अल्बमसुद्धा फोनवरून आला. सोबत एवढंच, की मामा, ऐक, आणि वाटेल ते आईला सांग.

आईला सांगायचं कारण असं, की ताईनं सगळा निकाल मामावर सोपवला होता. गल्लीतल्या चष्मेवाल्यानं भाच्यासाठी दुकानात जागा अडवून ठेवली होती आणि शनिवारपर्यंत हो किंवा नाही कळवायला सांगितलं होतं. ताईला त्या गाण्यांत दोन माणसं भांडतायत यापलीकडे काही कळत नसे. ती भावाला म्हणाली, तू ऐक. त्यात दम असेल तर करू दे आणखी, नसेल तर शनिवारी तो चष्मे विकायला जाईल. बाकी कुणी सांगितलं असतं तर ती ऐकती ना. पण भाऊ कुणाची भीडभाड ठेवत नाही, हे तिला तिच्याच लग्नात त्यानं नवरदेवाच्या दातांवर केलेल्या शेऱ्यापासून माहीत होतं.

मामानं मोटर चालू केली, अल्बम लावला. पहिलं गाणं ठीक. दुसऱ्यात फोन वाजला. मामानं सुस्कारा टाकला. तिसरं गाणं आईवर होतं.

*शर्ट धुण्याआधी खिसे तपासतेस, सापडतं काय सांग,*
*सिगरेट नाही, सोबत नाही, संशयाचाच माग.*

मामानं मोटर बंद केली. पुन्हा लावलं. यातला ‘स’ भाच्याचा नव्हता. भाच्याचा ‘स’ कोरडा, कात्रीनं कापल्यासारखा. याच्यातून वारा जात होता, बारीक शीळ घातल्यासारखा. चौथ्या गाण्यात तोच परका ‘स’. पाचव्यात भाचा परत आला. सहाव्यात पुन्हा दुसरा.

मग एकेक गोष्ट जुळू लागली. भाचा लॅबमध्ये येत नाही, कारण समोर म्हणून दाखवावं लागेल. फोनवर चेहरा दाखवायची वेळ आली की त्याचं नेटवर्क जातं. मध्यंतरी रस्त्यात दिसला, तर तोंडावर रुमाल धरून घाईघाईनं पलीकडच्या फुटपाथवर गेला. आणि सगळ्यांत वाईट पुरावा म्हणजे त्या परक्या आवाजाची गाणीच चांगली होती. सावकाश, एकेक शब्द चावून म्हटलेली. भाचा इतका धीर धरणाऱ्यांतला नव्हता.

बायकोनं विचारलं, पोराला एकदा विचारून बघायचं नाही का? मामा म्हणाला, चोराला विचारून कुणी पंचनामा करत नाही. आणि त्यानं ताईला फोन लावला. निम्मा अल्बम त्याचा नाही, दुसऱ्या कुणाकडून म्हणवून घेतलाय, असं सांगितलं.

ताईनं एवढंच विचारलं, की आईवरचं गाणं कुणाचं? मामा म्हणाला, दुसऱ्याचं. ताईनं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाचा लॅबच्या दारात उभा राहिला. तोंडाशी रुमाल होताच. आई घरात बोलत नाहीये, चष्मेवाल्याला हो म्हणून कळवायला निघालीये, आणि हे सगळं मामाच्या कृपेनं, असं त्यानं रुमालाआडून सुनावलं.

“मला वाटेल ते सांग म्हणालास,” मामा म्हणाला. “मला वाटलं ते सांगितलं.”

“गाणी कशी वाटली ते सांगायचं होतं. माझ्यावर केस घालायची नव्हती.”

“मग म्हण. आईवरचं. इथं, माझ्यासमोर.”

भाचा घुटमळला. मामाच्या डोळ्यांत पकडलेल्या माणसाकडे बघायचा तो आनंद आला, ज्याला ग्रुपमधले लोक घाबरून असत. भाच्यानं रुमाल तसाच धरून सुरुवात केली. शर्ट धुण्याआधी खिसे तपासतेस. प्रत्येक ‘स’ला रुमालातून शीळ गेली.

मामा उठून उभा राहिला. “रुमाल काढ. तोंड उघड.”

वरच्या पुढच्या दातांतला एक दात दात नव्हता. टोपी होती, शेजाऱ्यांपेक्षा पांढरी, आणि मागच्या बाजूनं एवढी जाड, की जिभेला टेकायला जागा राहिली नव्हती. अल्बम निम्मा झाला असताना एका कार्यक्रमात गर्दीतल्या कुणाचा तरी धक्का स्टँडला लागला होता आणि माइक येऊन तोंडावर बसला होता. उरलेली गाणी या टोपीनिशी झाली होती.

मामाची हयात लोकांच्या दातांत गेली होती. ओळखीच्या तोंडातला बदललेला दात त्यानं बरोबर ऐकला, आणि त्यावरून तोंडच बदललं असं ठरवलं.

“कुणी केली ही टोपी?”

“मामा, ते राहू दे ना.”

“कुठल्या गवंड्यानं केली? आणि माझ्याकडं का नाही आलास?”

“तुला कळलं असतं तर आईला कळलं असतं. तुला विचारलं की तू सांगतोसच. रात्रीबेरात्री कार्यक्रमाला जातो, दात पाडून येतो. तिनं गाणं त्याच दिवशी बंद केलं असतं.”

आता पंचाईत अशी, की आरोप मागं घ्यायचा तर कारण सांगावं लागणार, आणि कारण सांगितलं तर पोराचं गुपित फुटणार. कधी नव्हे ते मामाच्या मनात खोटं बोलायचं आलं. त्यानं ताईला फोन लावला आणि म्हणाला, माझी ऐकण्यात चूक झाली, आवाज त्याचाच आहे.

“काल दुसऱ्याचा होता तो आज त्याचा कसा झाला?” ताई म्हणाली. ती मामाचीच बहीण होती. “त्यानं हातापाया पडून सांगायला लावलं ना तुला?”

भाच्यानं फोन त्याच्या हातातून घेतला आणि आईला स्वतःच सगळं सांगितलं. माइक, दात, टोपी. शिळा वाजत होत्या. पलीकडून ताईचा आवाज मामालाही ऐकू येत होता. तिला काहीतरी आहे याची कल्पना होतीच. पोरगा घासाचे बारीक तुकडे करून खायला लागला होता. तिचा संशय सिगरेटवर होता. म्हणून तर ती खिसे तपासत होती. मग ती म्हणाली, मामाला दे.

“दाताचं मी बघते तो घरी आल्यावर. तू मला अजून सांगितलेलं नाहीस.”

“काय?”

“गाणी कशी आहेत. शनिवार परवा आहे.”

मामानं आजवर इतके अल्बम फाडले, पण उत्तराला इतका वेळ कधी घेतला नव्हता. भाचा प्लास्टरच्या पोत्यावर बसून त्याच्याकडे बघत होता.

“ताई, जी गाणी त्याची नसावीत इतकी बरी वाटली,” मामा म्हणाला, “ती त्याचीच निघाली.”

“म्हणजे चष्मा की गाणं?”

“गाणं. आईवरचं तू ऐक एकदा. भांडण नाहीये त्यात. थोडं आहे.”

फोन ठेवल्यावर भाच्याचा चेहरा उजळला. मामानं त्याला दंडाला धरून खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. टोपी पाहून बाईंनी हे कुठल्या गाढवाचं काम असं विचारलं, आणि मामाच्या कुटुंबातलं हे तोंड असून ते बाहेर का गेलं, असंही. मामानं खिडकीबाहेर पाहिलं. मापासाठी बाईंनी मसाला कालवला, साच्यात भरून तो भाच्याच्या तोंडात दाबला आणि घट्ट होईपर्यंत हलायचं नाही म्हणून बजावलं.

तेव्हा मामा खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसला. दुसऱ्या गाण्यातला ढोल त्यानं कुणाचा उचलला आहे, तो फोन का वाजला, आठव्यात बोलावलेल्या पाहुण्याला भाडं देऊन परत पाठवायला काय झालं होतं, आणि दात पडण्याआधीच्या गाण्यांत एवढी घाई कुठं जायची होती, हे सगळं त्यानं क्रमवार सांगितलं. भाचा डोळे मोठे करून घशातून काहीतरी म्हणत राहिला. बाईंनी त्याचा खांदा दाबला.

एक शंका मात्र मामानं तोंडाबाहेर काढली नाही: टोपी नीट बसली आणि पोरगं पुन्हा पूर्वीसारखं भरभर बोलू लागलं, तर पुढच्या अल्बमचं काय होणार?

“आईवरचं कुणी लिहून दिलं नाही ना?” त्यानं शेवटी हळूच विचारलं.

भाच्यानं मान हलवली. तो नकार होता, की मसाला घशात उतरत होता, हे मामाला ठरवता येईना.