दातांच्या दवाखान्यापुढची जीप

किसन बांधावर बसला होता आणि उठत नव्हता.

सकाळचे नऊ वाजले असतील. बोरी बुद्रुकच्या शिवारात आम्ही पिंजरा लावायला गेलो होतो. उसाच्या कडेला ओल्या मातीत बिबट्याचे ताजे ठसे होते. ट्रॉलीतून पिंजरा उतरवून झाला, माणसं तयार होती. पिंजऱ्याचं तोंड कुठल्या बाजूला करायचं हे कायम किसन ठरवायचा, म्हणून सगळे त्याच्याकडे बघत होते. मी दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा जवळ गेलो, तर तो काठी मांडीवर आडवी धरून उसाकडे कान लावून होता.

"काय झालं रे?"

"साहेब, ऊस वाजतोय."

वारा अजिबात नव्हता. उसाचं पातंसुद्धा हलत नव्हतं.

मी तेव्हा वनक्षेत्रपाल होतो. लोक रेंजरसाहेब म्हणतात. किसन माझ्या हाताखालचा वनरक्षक, म्हणजे फॉरेस्ट गार्ड. मूळचा डोंगरातल्या तळेघरच्या वरच्या अंगाचा, त्यामुळे भात, नाचणी आणि पायपीट या तीन गोष्टींवर वाढलेला. बायको आणि चौथीतली मुलगी साक्षी यांना घेऊन तो बोरीत भाड्याने राहायचा. माझ्या सगळ्या नोकरीत असा माणूस मला दुसरा मिळाला नाही. विहिरीत बिबट्या पडला की शेकडो लोक काठावरून आरडाओरडा करतात आणि खाली ते जनावर घाबरून कपारीला नखं रोवून बसतं. अशा वेळी किसन आधी गर्दीला गप्प करायचा, मग दोरांनी खाट सोडायचा आणि वरून बोलत राहायचा. "थांब बाई, काढतो तुला. जरा दम धर." ते ऐकून बिबट्या शांत व्हायचा की नाही ते माहीत नाही, पण आम्ही व्हायचो.

असा माणूस बांधावर लहान मुलासारखा बसला होता. पिंजरा कसाबसा आम्हीच लावला, चुकीच्या बाजूला तोंड करून.

कारण मला माहीत होतं. दोन महिन्यांपूर्वी नदीकाठच्या एका गावात ऊसतोडीच्या फडातून एक लहान मुलगी बिबट्याने नेली होती. उसात सगळ्यात आधी किसन शिरला आणि तोच तिला घेऊन बाहेर आला, स्वतःच्या खाकी शर्टात गुंडाळून. पुढचं सगळं मी केलं. पंचनामा, अहवाल, वरच्या साहेबांना फोन. कागद एकही कमी पडला नाही. किसनला मी म्हटलं, "शाबास, हिमतीचं काम केलंस." गावाने त्याचा सत्कार ठरवला तेव्हा तो नको नको म्हणत असताना मीच त्याला ओढत नेलं आणि त्याच्या खांद्यावर शाल टाकली. आज ते आठवलं की मला माझीच लाज वाटते.

त्या दिवशी दुपारी मी त्याच्या घरी गेलो. त्याची बायको मंदा दारातच भेटली. आतली कडी तिने मी आहे हे बघूनच काढली होती.

"साहेब, पोरगी तीन आठवडं झालं शाळंत न्हाई. हे जाऊच देत न्हाईत. ड्युटीवर जाताना मला म्हनत्यात, कडी काढायची न्हाई. रात-रात बसून ऱ्हात्यात. तुमी सांगितलं तर ऐकतील."

खिडकीतून साक्षी बघत होती. मी आत जाऊन किसनला सांगितलं, समजावलं, शेवटी साहेब म्हणून हुकूमही केला. तो नुसता मान हलवत होता. माझा हुकूम तिथे लागू पडणारा नव्हता.

प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर माझे मित्र. त्यांनी सरळ सांगितलं, "झोपेची गोळी मी देईन, पण त्याने भागणार नाही. सायकिअॅट्रिस्टला दाखवा."

सायकिअॅट्रिस्ट म्हणजे मनाच्या आजारांवर औषध देणारा डॉक्टर. आपल्याकडे त्याला लोक वेड्यांचा डॉक्टर म्हणतात आणि तिथेच घोडं पेंड खातं.

"कुठे मिळेल?"

"पुण्याला."

आमची गंमत बघा. बिबट्याला ताप आला तर बघायला आमच्याकडे डॉक्टर आहे. बिबट्यामागे धावणाऱ्या माणसाचं मन आजारी पडलं तर कुणाकडे न्यायचं, हे मला तीस वर्षांच्या नोकरीत कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

पुण्याला गेलो. दिवस मोडला. डॉक्टर भला माणूस होता, पण बाहेर खच्चून गर्दी. बिबट्याचं ऐकल्यावर त्यांचे डोळे चमकले. किती मोठा होता, फोटो आहे का, असं विचारत राहिले. मग चिठ्ठी लिहून दिली. परतताना खेडपर्यंत किसन त्या चिठ्ठीच्या घड्या घालत बसला. मग म्हणाला, "साहेब, त्यांना बिबट्या बघायचा व्हता. मला न्हाई." पुन्हा पुण्याला यायचं त्याने साफ नाकारलं. त्याला दुसरीही भीती होती. ऑफिसात कळलं तर हातातली काठी काढून घेतील आणि आयुष्यभर टेबलावर बसवतील. "मी टेबलाचा मानूस न्हाई, साहेब. तितं मी मरंन."

पुढच्या आठवड्यात माझी बीपीची गोळी संपली म्हणून नारायणगावला कांतिलालशेठच्या मेडिकलमध्ये गेलो. शेठच्या घराण्याला राजस्थानातून येऊन चार पिढ्या झाल्या. त्यांची मराठी माझ्यापेक्षा गावरान आहे. मी इकडंतिकडं बघत हळूच विचारलं, "शेठ, मनाचा एखादा चांगला डॉक्टर माहीत आहे का? माझ्या भाच्यासाठी हवाय."

शेठ गोळ्या मोजता मोजता म्हणाले, "भाच्यासाठीच इचारत्यात सगळे."

मी गोळ्यांचे पैसे पुढे केले.

"समोरचा जिना दिसतो का, साहेब?"

"तो दातांचा दवाखाना आहे."

"खाली दाताचा. वरच्या खोलीत दर गुरुवारी मॅडम येतात. मनाच्या डॉक्टर."

"बोर्ड कुठाय?"

"व्हता की. बोर्ड व्हता तवा सहा महिने कुनी जिना चढलं न्हाई. समद्या बाजारपेठंदेखत कोन चढंल? मीच म्हनलो, मॅडम, बोर्ड काढा. काढला आन् आता नंबर लागत न्हाई." मग आवाज आणखी खाली आणून म्हणाले, "भाच्याला सांगा, रुमाल घेऊन ये."

"रुमाल कशाला?"

"गालाला लावायला."

मी मेडिकलच्या पायरीवर थांबून बघत राहिलो. अर्ध्या तासात तीन माणसं गालाला रुमाल धरून आली. दोन सरळ वर गेली. एक खाली वळली, त्याचा दात खरंच दुखत असावा. काखेत कळसा आणि पुण्याला वळसा, दुसरं काय.

रुमालाची युक्ती सांगितल्यावर किसन कसाबसा तयार झाला आणि मी नंबर लावून ठेवला. गुरुवारी सकाळी आम्ही एका कॉलवरून परत येत होतो. कुणाच्या तरी गोठ्यामागे ठसे दिसले होते. जीपच्या मागे जाळी आणि दोरखंड तसेच होते. किसन युनिफॉर्मवर होता. नारायणगाव आलं तसं तो म्हणाला, "साहेब, गाडी स्टँडला लावू. चालत जाऊ."

मी घड्याळ बघितलं. "कशाला? दारातच लावतो. नंबर जाईल."

बिबट्याचे ठसे वाचण्यात माझी हयात गेली, पण माझ्याच माणसांची डोकी मला वाचता आली नाहीत. आमच्या भागात वनखात्याची जीप, जाळी आणि किसन हे तीन एका जागी दिसले की त्याचा एकच अर्थ होतो. किसन गालाला रुमाल लावून जिना चढला आणि पाच मिनिटांत माझ्या जीपला वेढा पडला.

"साहेब, कुठंय?"

"काय कुठंय?"

"बिबट्या, आनखी काय!"

"बिबट्या नाही. किसनचा दात दुखतोय."

"मंग जाळी कशाला आनली? दात काढाया जाळी लागत्या व्हय, राव?"

हशा पिकला, पण कुणी हललं नाही. उलट गर्दी वाढली. मोबाइल वर झाले. दोन दुकानांची शटर पडली. खालचे दातांचे डॉक्टर हातमोज्यांसकट बाहेर आले आणि मला विचारू लागले, पेशंट आत ठेवू की मागच्या दाराने काढू. तेवढ्यात माझा फोन वाजला. वरचे साहेब.

"बाजारात बिबट्या घुसलाय आणि तुम्ही मला कळवत नाही?"

"बिबट्या नाही, सर."

"माझ्याकडे व्हिडिओ आलाय. तुमची जीप दिसतेय."

"जीप आहे, सर. बिबट्या नाही."

"मग जीप तिथे काय करतेय?"

"उभी आहे, सर."

यापेक्षा चांगलं उत्तर मला सुचलं नाही. डोक्यात एकच विचार होता. किसन आता खाली येणार, ही सगळी तोंडं त्याच्याकडे वळणार आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या तालुक्याला कळणार की रेस्क्यू टीमचा किसन वेड्यांच्या डॉक्टरकडे जातो. झाकली मूठ मीच चव्हाट्यावर उघडली होती.

तासाभराने किसन जिन्यावर दिसला. त्याच्यामागे मॅडमही आल्या होत्या, साध्या सुती साडीतल्या, पन्नाशीच्या. गर्दी बघून किसन थांबला. रुमाल गालापर्यंत गेला. मग त्याने तो खाली घेतला, नीट घडी घातली आणि खिशात ठेवला.

"बिबट्या हितं कुठंबी न्हाई," तो म्हणाला. विहिरीच्या काठावरून बोलायचा तोच आवाज. "मी वरच्या डॉक्टरांकडं आलोय. त्या मनाच्या डॉक्टर हायेत. फडातली पोर मी उचलून आनली व्हती, तुमाला ठावं हाय. तवापास्नं मला झोप न्हाई. कानात ऊस वाजतो. माझ्या पोरीला मी कडी लावून कोंडून ठेवलीया. त्याचं औषध घ्यायला आलोय. आता व्हिडिओ काढायचा आसंल तर काढा."

मोबाइल एकेक करून खाली आले. ती मुलगी सगळ्यांना माहीत होती.  शेवटी टोपीवाला एक म्हातारा शेतकरी पुढे झाला.

"पावणं, किती दिस लागत्यात ह्याला?"

"मॅडम म्हनल्या, टाईम लागंल. पन बरं हुतंय."

"माझा धाकला भाऊ रोज हिरीवर जाऊन बसतो. बोलत न्हाई कुनाशी."

"एकटा सोडू नका त्याला," किसन म्हणाला. मग मॅडमकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "बाबा, पुढच्या गुरुवारची वाट बघू नका. आजच आणा. मी थांबते."

त्या थांबल्या. म्हातारा भावाला घेऊन येईपर्यंत दुपार टळली होती. मॅडम खोलीतच डबा खाऊन बसून होत्या.

परतताना मी किसनला विचारलं, "काय म्हणाल्या रे?"

"बिबट्याचं काईच इचारलं न्हाई, साहेब. पहिलं इचारलं, त्या पोरीचं नाव काय व्हतं." मग तो रडला. फडातल्या त्या दिवसानंतर पहिल्यांदा. मी जीप बाजूला घेतली. पंचनाम्यात ते नाव मीच माझ्या हाताने लिहिलं होतं. पण तोंडाने आम्ही सगळे फक्त 'घटना' म्हणत होतो. किसनने नाव उच्चारलं, दोनदा. ते मी इथे लिहीत नाही. ते तिच्या आईबापांचं आहे.

पुढच्या गुरुवारी मी शहाणपणाने जीप स्टँडला लावली आणि आम्ही चालत गेलो. वरच्या बाकावर पाचजण बसले होते. त्यांतले तिघे मागच्या आठवड्यात मोबाइल घेऊन आलेले. एकाच्याही गालाला रुमाल नव्हता. टोपीवाले बाबा भावाशेजारी बसले होते. मला बघून म्हणाले, "साहेब, आज जीप कुठं लावली?"

"स्टँडला."

"का वो? हितं लावली आसती तर लांबनंच कळलं आसतं, मॅडम आल्यात म्हनून."

तेव्हापासून मी रिटायर होईपर्यंत दर गुरुवारी त्या बाजूला काम निघालं की जीप दातांच्या दवाखान्यापुढेच लागायची. मॅडमचा बोर्ड पुन्हा लागला तो बऱ्याच महिन्यांनी. वरच्या साहेबांनाही मी सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "काठी त्याच्याकडेच राहू दे." किसनचं मोठेपण सगळ्यांनी बघितलं होतं. मला आधी वाटायचं की उसात शिरणं ही हिंमत. तो रुमाल खिशात ठेवणं त्याहून अवघड होतं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आणि धडा म्हणाल तर एवढाच, की माणसाला मनाच्या डॉक्टरकडे नेताना सरकारी जीप दारात नेऊ नये. पण नेलीच, तर मग तिथून हलवू नये.

किसन एकदम बरा झाला नाही. गोळ्या होत्या, बोलणं होतं, मधेच वाईट आठवडे होते. मॅडमनी त्याला सांगितलं होतं, भीती खोटी नाही, बिबट्या आहेच. ती किती ठेवायची ते आपण ठरवू. मग किसनने वस्तीतली मुलं गोळा करून, पुढे-मागे एकेक मोठं माणूस काठी घेऊन, अशी शाळेची सोय लावली. आधी तो स्वतः शाळेच्या फाटकापर्यंत जायचा. मग ओढ्यापर्यंत, मग देवळापर्यंत.

एका सकाळी मी त्याच्याकडे चहाला बसलो होतो. साक्षीने दप्तर उचललं, "जाते, पप्पा," म्हणाली आणि इतर मुलांबरोबर उसाच्या कडेने निघाली. किसन उंबऱ्यावरच बसून राहिला. उसाची पाती सळसळत होती. त्याने कान दिला. मलाच राहवलं नाही.

"वाजतोय का रे?"

"वाजतोय, साहेब," तो म्हणाला आणि चहाचा कप उचलला. "पन आज वारा हाय."