किमान एक आकडा

माझा पहिला पॅटर्न शालूताईंनी पूर्ण वाचलासुद्धा नाही, सरळ खोडून टाकला. मोबाइल नंबर बरोबर आहे की नाही ते तपासणारा तो पॅटर्न मी दुपारभर डोकं खपवून लिहिला होता. त्या मागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बोलून दाखव."

"चालून राह्यला न ताई. तपासून पाहा."

"चालते थे मले दिसते. तुले समजला का, थे बोल."

मला बोलता येईना. त्यांनी वाकून सगळं पुसलं आणि आपल्या जागेवर जाऊन बसल्या. असा संताप आला होता! मी फुलसावंगी गावची, शाळेत गणितात कुणाचं कधी ऐकून घेतलं नव्हतं. त्या दिवशी मी डबासुद्धा एकटीनेच खाल्ला.

यवतमाळातलं आमचं ऑफिस छोटंसंच. निरनिराळ्या संस्थांचे ऑनलाइन अर्ज बनवून देणं हे आमचं काम. शालूताई नेरच्या. आमच्यात सगळ्यांत जुन्या, आणि बाकीच्यांच्या मते सगळ्यांत भांडकुदळ. अर्ज भरणाऱ्याने लिहिलेलं बरोबर आहे का, हे तपासायला आम्ही पायथनमध्ये रेग्युलर एक्स्प्रेशन लिहितो. तो एक साचा असतो. त्यात बसेल ते आत जातं, न बसेल ते लाल अक्षरांत परत येतं. साचा म्हणजे नुसती चिन्हं, कंस, तिरप्या रेघा, टोपी, डॉलर. सारवलेल्या अंगणात कोंबड्या नाचून गेल्यावर दिसतं तसं मला ते दिसायचं.

शालूताईंच्या हाताखाली चिन्ह वाचायची सोयच नव्हती, वाक्य बोलावं लागे. "टोपी म्हंजे इथून सुरू. मंग सहा ते नऊमधला एक आकडा. मंग आनखी नऊ आकडे. डॉलर म्हंजे संपलं, याच्या पुढी काई नको. आपल्या मायले सांगतं न, तसं सांग." बोलता आलं नाही की खोडलंच. बोलता आलं तरी सुटका नव्हती, कारण मग त्या स्वतः येऊन त्यात काहीही भरून पाहायच्या. एकदा माझ्या नंबरच्या रकान्यात त्यांनी पहिला आकडा इंग्रजी ठेवून पुढचे नऊ मराठीत टाइप केले आणि माझ्या शहाण्या पॅटर्नने ते मुकाट्याने आत घेतले. पायथनला मराठी आकडाही आकडाच वाटतो, हे मला कुठे माहीत होतं!

"बरं, आता या नंबरावर तुह्या मशीनीतून मेसेज जाते का पाह्य," त्या म्हणाल्या. पण दोन-तीन महिन्यांत त्याच चिन्हांची मला भीती वाटेनाशी झाली. बसमध्ये बसल्या बसल्या मी समोरच्या गाड्यांच्या नंबरांचे पॅटर्न मनात बोलू लागले होते.

त्या उन्हाळ्यात नर्सिंगच्या प्रवेशाचा अर्ज आमच्याकडे आला. शेवटच्या दिवशी दुपारी मदतीच्या फोनवर एक मुलगी बोलत होती, लक्ष्मी. केळापूरच्या पलीकडच्या एका पोडात, म्हणजे कोलामांच्या वस्तीत राहणारी. फोन शालूताईंनी घेतला आणि स्पीकरवर ठेवला.

"ताई, घर क्रमांक चुकीचा म्हनून राह्यलं. आमच्या पोडात घराइले नंबरच नाही. काय टाकू?"

पत्त्याचा तो पॅटर्न पुण्याहून आलेल्या आमच्या मॅनेजरांनी स्वतः लिहिला होता. त्यात आकड्यापुढे अधिकचं चिन्ह होतं. त्याचा अर्थ, किमान एक तरी आकडा हवाच. माणूस आहे म्हणजे घर आहे, घर आहे म्हणजे त्याला नंबर आहे, असा त्यांचा हिशेब. त्यांच्या स्वतःच्या पत्त्यात विंग, मजला, फ्लॅट, सगळं होतं.

ते केबिनच्या दारातून म्हणाले, "तिला सांगा, एक टाकून दे. कोण बघतंय?"

"उद्या तपासनीत कागद मांगतीन, तवा तुम्ही जान का तिच्यासंगं?" शालूताई उसळल्या. "खोटं लिहून कायले सुरुवात करन थे पोरगी? घर तिचं खरं हाये. पॅटर्न आपला खोटा हाये."

"बदल करायचा तर संस्थेचं लेखी पत्र लागेल. प्रक्रिया असते, मॅडम."

प्रक्रिया! अर्ज संध्याकाळी बंद होणार होता आणि पत्र यायला आठवडा लागला असता. समोर फोनवर एक पोरगी ऐकत होती आणि हा माणूस प्रक्रिया सांगत होता. त्या शब्दाचा मला आजही तिटकारा आहे.

शालूताईंनी फोन बाजूला ठेवला, कोड उघडला आणि अधिक खोडून तिथे ताऱ्याचं चिन्ह टाकलं. टाकता टाकता सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या, "आकडा असला त असो, नसला त नसो." तपासून पाहिलं, चालू केलं आणि फोन उचलला. "लक्ष्मी, रकाना रिकामा ठेव. आता भर."

थोड्या वेळाने पलीकडून आवाज आला, "गेला ताई! गेला!"

दुसऱ्या दिवशी मॅनेजरांनी शालूताईंना केबिनमध्ये बोलावलं. परवानगीशिवाय बदल, शिस्तभंग, विश्वासघात. होय, विश्वासघात हा शब्द वापरला त्यांनी. मी उठून आत गेले आणि म्हटलं, चूक पॅटर्नमध्ये होती. "तुम्ही अजून शिकताय," मॅनेजर हसून म्हणाले. त्याच आठवड्यात शालूताईंना काढलं. अर्ज बंद झालेला होता, त्या चिन्हाचा कुणाला काडीचा उपयोग उरला नव्हता, तरी या गृहस्थांनी वेळ काढून ताऱ्याच्या जागी पुन्हा अधिक बसवला.

निरोप समारंभ कसला, साधा चहासुद्धा कुणी विचारला नाही. शालूताईंनी डबा पिशवीत टाकला आणि नेरची बस धरली.

पुढे लक्ष्मीचा प्रवेश झाल्याचं कळलं तेव्हा रविवारी मी नेरला गेले. घराच्या पुढच्या खोलीत त्या गावातल्या पोरींना पायथन शिकवत होत्या. एक पोरगी रडवेली होऊन पॅटर्न बोलत होती. मी धावत जाऊन बातमी सांगितली. वाटलं, आज तरी ही बाई हसेल.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे अशा पाहू लागल्या की जणू मीच तो पॅटर्न लिहिला होता. "एकीनं फोन केला, म्हून एक दिसली. ज्याइनं फोन नाही केला, त्याइचं काय झालं?"

अर्ज अर्धा सोडून जाणाऱ्यांची नोंद आम्ही ठेवतच नाही, तशी कुणी मागणी केली नव्हती. लाल अक्षरं पाहून, आपल्याच घराचं काहीतरी चुकलं असं समजून मुकाट्याने मोबाइल बंद केलेल्या पोरी किती होत्या, हे आता कुणालाही कधीच कळणार नाही.