माठाभोवती बसलेला वर्ग

काल नवा माठ भरून ठेवला आणि ओल्या मातीच्या वासानं मी थेट नांदगावकडच्या आमच्या शाळेत जाऊन पोचले. चौथीत होते. आम्हा बौद्धांच्या पोरांना पाणी वरून ओतून मिळायचं. त्या दिवशी मी स्वतःच माठात पेला बुडवला. वर्गातल्या सुमननं तो हिसकावून पाणी माझ्या तोंडावर फेकलं.

गुरुजींनी छडी काढली नाही. सगळ्या वर्गाला माठाभोवती गोल बसवलं. मला म्हणाले, "तुला काय वाटलं, ते सांग."

"लय तहान लागली होती," एवढंच मी बोलले.

सुमन रडायला लागली. "चुकलं माझं," म्हणाली. तिनं पेला भरून मला दिला आणि माझा उरलेला घोट स्वतः प्यायली.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या दारात माठाच्या खापऱ्या पडल्या होत्या. सुमनच्या दंडावर वळ होते. गुरुजी खापऱ्या वेचत होते. आम्ही पोरं न सांगताच गोल करून बसलो.

तेव्हा तो गोल मला पूर्ण वाटला होता. पण माठ फोडणारे सुमनचे वडील आणि चुलते फाटकाबाहेर बिड्या ओढत उभे होते. त्यांनाही आत येऊन गोलात बसा म्हणणारं कुणी नव्हतं.