दत्तक गावचं गूळपाणी

आमच्या गावात वाइनरीला वाइनरी म्हणणारी मी एकटीच, आणि तेही पगार घेत होते म्हणून. बाकी अख्खं गाव सरळ 'दारूचा कारखाना' म्हणायचं. अंबाजोगाईला कॉलेज केलं, इंग्रजी बोलायला शिकली, आणि शेवटी दारूच्या कारखान्यात लागली, यावर पारावरच्या रिकामटेकड्यांची बरेच दिवस करमणूक झाली. झाली तर झाली. माझं काम पाहुण्यांना फिरवायचं. पुण्या-मुंबईची माणसं गाडीतून उतरली, की मी हसतमुखानं सुरू करायची: हे बघा सौर पॅनल, हे ठिबक, इथं थेंब न थेंब जपला जातो, निसर्गाकडून घेतलेलं आम्ही निसर्गालाच परत करतो. हे शेवटचं वाक्य मॅनेजरसाहेबांनी मला पाठ करायला लावलं होतं. परत काय करतो, हे मात्र त्यांनी सांगितलं नव्हतं.

मी राहायचे आत्याकडं. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. मामा, म्हणजे तिचे यजमान, गेल्यापासून शेतात एकटीच राहते. वर कारखाना, मधे ओढा आणि ओढ्याच्या अलीकडं आत्याचं घर, असा सगळा शेजार. आत्याच्या गळ्यात तुळशीची माळ. माळकऱ्यांना दारू वर्ज्य, आणि आत्याचं सगळंच कडक. कारखान्याकडून वारा सुटला तरी ती नाकाला पदर लावायची. कामावरून आल्यावर मला अंगणात हातपाय धुतल्याशिवाय उंबरा ओलांडायची सोय नव्हती.

"आत्या, मी पीत न्हाई गं. नुसती लोकांना दाखवते."

"पिणारा एकटा बिघडतो. दाखवणारी गाडी भरून बिघडवती," आत्या म्हणायची, आणि वर गरम भाकरी वाढायची.

तिचा सगळा जीव होता विहिरीत. ओढ्याकाठी मामांनी स्वतः उतरून खांदलेली विहीर. पाणी असं गोड, की डाळ चटकन शिजायची. चैत्रात गावात हरिनामाचा सप्ताह बसतो. त्याच्या पंगतीचं सगळं पाणी वर्षानुवर्षं याच विहिरीचं. तेलगावच्या बाजूनं येणारे भजनी तर जेवण झाल्यावर मुद्दाम म्हणायचे, "जेवण ठीक हाय, पाणी मात्र आत्याचं." एवढं ऐकलं की आत्या वर्षभर ताठ चालायची.

मग एक दिवस कारखान्यानं आमचं गाव दत्तक घेतलं. वेशीवर तसा बोर्ड लागला. शाळेसमोर मांडव घातला, पोरांना दप्तरं वाटली, द्राक्षांच्या घडाचं चित्र असलेल्या कचऱ्याच्या कुंड्या दिल्या. मॅनेजरसाहेब सामाजिक जबाबदारीवर इतकं लांबलचक बोलले, की दोन म्हातारे बसल्या जागी घोरायला लागले. माणूस तसा वाईट नव्हता. नाशिककडचा, घाबरट, सतत खांद्याला बॅग आणि बॅगेत बाटलीबंद पाणी. आमच्या गावचं पाणी त्यानं कधी ओठाला लावलं नाही.

"दत्तक कुणाला घेतलंय म्हणे?" आत्यानं मला विचारलं.

"गावाला."

"मला माझे आईबाप होते बाई. ह्यो मला दत्तक कावून घ्यायलाय?"

सगळा मांडव हसला. साहेबांनाही काही न कळता हसू आलं.

फेब्रुवारीत द्राक्षं आली. कारखाना दिवसरात्र चालू झाला. रस काढायचा, टाक्या भरायच्या, टाक्या सोडा घालून धुवायच्या. धुतलेलं पाणी मागच्या खड्ड्यात जायचं. खड्डा भरला की ओढ्यात. हे मी रोज येता-जाता बघत होते, आणि इकडं पुढच्या दारी थेंबाथेंबाचं पुराण लावत होते. एका सकाळी आत्यानं विहिरीचं पाणी शेंदलं, तांब्या नाकाशी नेला आणि तशीच उभी राहिली.

"पोरी, वास यायलाय."

मी हुंगलं. आंबूस, कुबट, चार दिवस तोंड बांधून ठेवलेल्या ताकासारखा. आत्यानं तांब्या खाली ठेवला. देवाला घातलं नाही, तुळशीला घातलं नाही. घागर उचलली आणि गावातल्या नळाकडं चालू लागली. या वयात, असल्या उन्हात! माझ्या डोक्यात तिडीकच गेली.

गावाला काय, विषयच मिळाला. टवाळ मंडळी बादल्या घेऊन दारात हजर. "आत्या, तांब्याभर द्या की. फुकटात चढती का बघू." एकानं तर घोटभर पिऊन आमच्याच अंगणात झोकांड्या खाऊन दाखवल्या, आणि दुसऱ्या दिवशी पोट धरून दवाखान्यात गेला. बरं झालं मेल्याचं.

मी मॅनेजरसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "वरती कळवतो." वरती म्हणजे कुठं, देव जाणे. चार दिवसांनी त्यांनी आत्याकडं पाण्याचे जार पाठवले. जारवर द्राक्षाचा घड, शेजारी फोटो काढायला माणूस. आत्यानं त्या पाण्यानं म्हैस धुतली.

त्या दिवशी ती पहिल्यांदा माझ्यासमोर रडली. "सप्त्याला टँकर आणायचं ठरवायलेत. तुझ्या मामाच्या विहिरीला लोक नाक दाबायलेत, पोरी. ही विहीर न्हाई सुधारली तर मी हितं कुणासाठी ऱ्हाऊ?" ज्या कारखान्याचं मीठ खात होते, त्याची मला त्या घटकेला शिसारी आली.

पुढच्याच आठवड्यात मोठी गिऱ्हाइकं आली. शहरातल्या हॉटेलांसाठी माल घेणारे, आणि सोबत चव पारखणाऱ्या एक बाई. पर्यावरण सांभाळणाऱ्याचाच माल घेतो, हे ते आल्याआल्या बोलले. मालक स्वतः हजर. मी पाठ केलेलं सगळं म्हणून टाकलं. मग चव सुरू झाली: ग्लास फिरवायचा, हुंगायचा, घोट घ्यायचा, तोंडात खुळखुळवायचा आणि बादलीत थुंकायचा.

"थुंकायचंच व्हतं तर इतकी द्राक्षं नासवली कशाला?" मागून आवाज आला. वळून बघते तर आत्या! नाकाला पदर, एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात गुळाची वाटी. कारखाना झाल्यापासून ती त्याच्या सावलीलाही उभी राहिली नव्हती.

मालक म्हणाले, "या कोण?"

"माझी आत्या," मी म्हणाले. नोकरी गेली, हे मनात धरूनच म्हणाले.

"गावात पाव्हणे आले आन गूळपाणी न्हाई दिलं, असं आमच्यात व्हत न्हाई," आत्या म्हणाली. तिनं सगळ्यांना गूळ दिला. पाणी दिलं ते त्यांच्याच काचेच्या ग्लासांत. "पर तुमी पिऊ नका. तुमी नुसतं हुंगा, तुमाला सवय हाय. प्यायचं ते मॅनेजरसाहेबांनी. त्यांनी आमाला दत्तक घेतलंय."

त्या बाईंनी सवयीनं ग्लास गोल फिरवला, नाकाशी नेला आणि एकदम बाजूला केला. "हे टाक्या धुतलेलं पाणी आहे," त्या मालकांकडं बघत म्हणाल्या. "कुठून आलं?"

"मॅडम, इकडचं पाणीच जरा तसं असतं," मॅनेजरसाहेब घाईनं बोलले, आणि घाबरून बॅगेतली स्वतःची बाटली काढून तोंडाला लावली. सगळ्यांनी बघितलं.

मग मला राहवलंच नाही. "इकडचं पाणी असं नाही! चला, मागचा खड्डा दाखवते. आजच्या फेरीत तेवढाच राहिलाय." आणि दाखवला. सौर पॅनल दाखवते तसाच, हसतमुखानं, मराठीत आणि इंग्रजीत.

गिऱ्हाइकं माल न घेताच गेली. खड्डा बुजवून पाणी साफ होईपर्यंत येणार नाही, असं बाई सांगून गेल्या. मालकांचे कान लाल झाले होते. पण माणूस धंदेवाईक, त्यामुळं कामाला लागला. धुण्याचं पाणी ओढ्यात जायचं बंद झालं, पक्की टाकी बांधली, पाणी साफ करायची यंत्रणा बसली. आत्याची विहीर पुन्हा पुन्हा उपसली, गाळ काढला. त्यात मला नवल वाटलं ते मॅनेजरसाहेबांचं. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, शिडी घट्ट धरून ते स्वतः खाली उतरले. झऱ्याचं पाणी नितळ येतंय का, ते बघायला.

सप्त्याच्या आदल्या दिवशी ते आत्याच्या अंगणात आले. हातात तपासणीचे कागद. पाणी शुद्ध आहे म्हणून वाचून दाखवू लागले.

"कागद ऱ्हाऊ द्या," आत्या म्हणाली. तिनं पाणी शेंदलं, तांब्या त्यांच्यासमोर धरला, सोबत गुळाचा खडा. "बसा."

साहेबांनी बॅगेकडं हात नेला नाही. गूळ तोंडात टाकला, तांब्या ओठाला लावला, डोळे मिटले आणि निम्मा तांब्या गटागटा संपवला. हनुवटीवरून पाणी शर्टावर सांडलं. पाणी खरंच घशाखाली उतरतंय का, म्हणून आत्या त्यांच्या गळ्याकडं बघत होती. मग तिनं त्यांच्या हातातून तांब्या घेतला आणि उरलेलं पाणी तसंच पिऊन टाकलं. माझंही उष्टं कधी न घेणारी बाई!

"आत्या, अगं उष्टं हाय ते!"

"असू दे. दत्तक घेतलंय न्हवं ह्यानं? मग घरचाच झाला की. घरच्या लेकराचं उष्टं बघत्यात व्हय कुणी?" तिनं पदरानं तोंड पुसलं. साहेब खाली मान घालून बसले होते, त्यांचे डोळे भरले होते. "आन तू काय बघत उभी ऱ्हायलीस? घागरी काढ. पंगतीला पाणी न्यायचंय."